रिकाम्या खुर्चीने वाढवलं

हसताय काय? तुम्हाला सांगतो, पोकरमध्ये फ्लॉप पडल्यावर कुठल्या पानांवर वाढवायचं हे माझ्याइतकं या गल्लीत कुणाला कळत नाही… म्हणजे कळत होतं, मिशी होती तोवर.

आमचा पोकर सलूनमध्ये, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, शटर अर्धं खाली. मी, सलूनवाला धाकटा आणि त्याचा थोरला भाऊ. थोरला गेल्या हिवाळ्यात वारला. "वारला म्हणून काय झालं, काका? दादाला पानं वाटायचीच," असं धाकट्याने ठरवून टाकलं. म्हणजे रिकाम्या खुर्चीपुढे दोन पानं उपडी, शेजारी त्याच्या काड्यांची जुडी, आणि त्याची पाळी आली की धाकटा टेबलावर टकटक करून म्हणणार, "दादा पास." पैसे नाहीत हो, काडेपेटीतल्या काड्या. ज्याच्या काड्या संपल्या त्याची मिशी जाणार, आणि जिंकलेल्याने ती स्वतःच्या हाताने उतरवायची. थोरल्याचाच नियम.

आता मी पडलो खोडसाळ. जुडीला काळा दोरा बांधला, दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. म्हटलं, आज धाकट्याची बोबडी वळवतो.

माझ्या हातात एक्का-राजा. मधे तीन पानं उघडली, तोच फ्लॉप: राजा, सत्ती, दुर्री. राजाची जोडी लागली, आता वाढवायचं, मधे जास्त काड्या लोटायच्या, हे शेंबडं पोरही सांगेल. पण खरी मेख वेगळीच. पान नाही बघायचं, तोंड बघायचं. समोरचा ओठ चाटतोय? वाढव. एकदम गप्प झालाय? टाकून दे. धाकटा ओठ चाटत होता, मी वाढवलं, त्याने पानं टाकली, थोरल्यासाठी टकटक करायला हात उचलला… आणि जुडी सरकली. सरळ मधोमध.

धाकटा पांढराफटक. मी मनातल्या मनात खूश, आणि मग ध्यानात आलं, अहो, मी अंगठा हलवलाच नव्हता. वाकून बघतो तर दोरा फरशीवर सैल, वेटोळं करून पडलेला.

आता सांगा, पान नाही बघायचं, तोंड बघायचं, पण कुणाचं? खुर्चीला काय ओठ असतात? आरशात बघायला मान वळवली तर धाकटा पुटपुटला, "काका, आरशात नका बघू." का, ते विचारायची मला हौस नव्हती. मेलेला माणूस हातात काय धरून बसणार, असं म्हणत मी होत्या नव्हत्या त्या काड्या लोटल्या. मधे उघडायची पुढची दोन पानं कोरडी गेली. धाकट्याने खुर्चीपुढची पानं उलटली. सत्ती… सत्ती. मधली धरून तीन, माझी जोडी खलास.

बसलो मग. थोरल्याच्या वतीने धाकटा उतरवणार, असं ठरलं. मी डोळे गच्च मिटले. फेस लागला, वस्तरा ओठावर टेकला. पान नाही बघायचं, तोंड बघायचं… पण डोळे उघडायची छाती होईना. उगाच आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "अरे, हात किती गार तुझे, पाणी तरी गरम घ्यायचंस."

आतल्या खोलीतून धाकट्याचा आवाज आला, "थांबा की जरा, काका. तापतंय अजून."