पास न झालेला ॲप्रन

धाकटा : ताई, हाही उसवला?

थोरली : बटणं काल काढली, चेन आज सकाळी. मी अंघोळीला गेले होते, पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं. बाहेर येते तर ॲप्रन मांडीवर, चेन हातात, आणि आप्पांचा चेहरा असा की गुन्हा मीच केलाय.

धाकटा : चांगला घट्ट शिवायचा ना मग.

थोरली : बंड्या, दोन दिवसांसाठी आलायस, मला शहाणपण शिकवू नकोस. हा तिसरा आहे. पहिला तू पाठवलास, तो एका दुपारी संपला. दुसरा मी शिवला, तो चार दिवस टिकला. हा तिसरा दुहेरी टीप मारून शिवलाय. नखं रक्ताळली त्यांची, पण उसवला.

धाकटा : चिडू नकोस. मला खरंच कळत नाही म्हणून विचारतोय. डिमेन्शियाच्या माणसाच्या हाताला काहीतरी चाळा द्या, बटणं द्या, चेन द्या, मऊ-खरखरीत कापडाचे तुकडे द्या, असंच सांगतात सगळे. माझ्या मित्राची आई असला ॲप्रन घेऊन तासन्‌तास बसते.

थोरली : तुझ्या मित्राच्या आईला माझा नमस्कार सांग. इथे काय काय झालं ते ऐक. जड पांघरूण आणलं, शांत झोप लागते म्हणे. त्यांना वाटलं आपल्याला बांधून ठेवलंय. सुगंधी तेल लावलं, तर रात्रंदिवस एकच प्रश्न, घरात कोण आजारी आहे. मग ते घुरघुरणारं कापडी मांजर. दोन दिवस गोंजारलं. तिसऱ्या दिवशी पोटाची शिवण उसवून कापूस एका बाजूला काढला आणि मांजराची घडी करून ठेवली.

धाकटा : मांजराची घडी?

थोरली : चौकोनी. हस तू. मीही हसले होते, तेव्हा अंगात त्राण होतं.

धाकटा : आत्ता झोपलेत ना?

थोरली : खिडकीपाशी बसलेत. सदऱ्याची किनार चाचपताहेत. दिवसभर तेच चालतं. मधेच उठतात, दाराशी जातात, परत येतात. पाठीमागे फिरून माझे पाय गेलेत.

धाकटा : आणि उद्याचं काय?

थोरली : उद्या दहाला वृद्धांचं डे केअर. दोन तास बसवून बघणार, आणि ही शेवटची खेप, असं तिथल्या सिस्टरनी मला तोंडावर सांगितलंय. गेल्या वेळी तिथे शेजारी बसलेल्या आजींच्या शालीची किनार उसवली यांनी. आजी रडायला लागल्या, त्यांची मुलगी माझ्या अंगावर आली, आणि मी सगळ्यांची माफी मागत फिरले. उद्या शांत बसले तर परवापासून मी लॅबमध्ये कामावर. नाही बसले तर नोकरी सोडायची. तीनदा रजा वाढवून दिली आमच्या मॅडमनी. चौथ्यांदा मागायला मला तोंड नाही.

धाकटा : मी म्हणतो, कायमचं ठेवता येईल अशी एखादी जागा...

थोरली : बघून आलेय. जे उसवतात, फाडतात, त्यांचे हात बांधतात तिथे. मऊ पट्ट्यांनी बांधतात, असं मॅनेजर कौतुकाने सांगत होता.

धाकटा : राहू दे मग.

थोरली : सगळे राहू दे म्हणतात आणि बस पकडतात. तुझी सातची आहे ना?

धाकटा : हो.

थोरली : एक सांगू? कुणाजवळ बोलले नाहीये. सकाळी मी मारलं त्यांना.

धाकटा : ताई.

थोरली : हातावर चापट मारली. हळू नाही, जोरात. पॅथॉलॉजीत वीस वर्षं लोकांच्या शिरेत सुई घालतेय, कुणाला दुखू दिलं नाही कधी. आणि स्वतःच्या बापाला मारलं, एका चेनसाठी. लाज वाटते रे मला. हात धुतले तरी जात नाही ते.

धाकटा : काही बोलले ते?

थोरली : मान खाली घातली. म्हणाले, चुकलं साहेब, पण हा पीस मी सोडू शकत नाही.

धाकटा : परत सांग.

थोरली : काय परत सांगू? मला साहेब म्हणाले. पोटच्या पोरीला.

धाकटा : ते नाही. त्यानंतरचं.

थोरली : हा पीस मी सोडू शकत नाही.

धाकटा : पीस. ताई, आप्पा चेकर होते.

थोरली : शर्टाच्या कारखान्यात, चौतीस वर्षं. मला सांगतोयस होय? त्यांचा डबा मी भरायचे.

धाकटा : अगं, ऐक तरी. शिवलेला माल टेबलावर यायचा. कॉलर बघ, खांदा बघ, काजं बघ, बटणं ओढून बघ. बरा असला तर पास. नसला तर जिथे चुकलंय तिथे उसवायचा आणि परत मशिनवर पाठवायचा. आता तो ॲप्रन हातात घे आणि त्यांच्या नजरेनं बघ.

थोरली : काय बघू त्यात?

धाकटा : बटणं सात आणि काज एकही नाही. चेन उघडली की आत काही नाही. खिसा उलटा. एक तुकडा मखमलीचा, त्याला लागून गोणपाट. चौतीस वर्षांत इतका भिकार पीस आला नसेल त्यांच्या टेबलावर.

थोरली : अगं बाई.

धाकटा : आपण त्यांना शांत करायला हा मांडीवर देतोय. ते बिचारे इमानेइतबारे उसवतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच पीस, आणखी पक्का शिवून, पुन्हा समोर.

थोरली : दुहेरी टीप मारून. मीच. रात्री डोळे ताणून. आणि वर मारलं मी त्यांना. ते काम करत होते रे, बंड्या.

धाकटा : डोळे पूस. त्यांचे शर्ट किती आहेत कपाटात?

थोरली : नऊ. दोन इस्त्रीचे राहिलेत.

धाकटा : सगळे आण. इस्त्रीचे असू देत तसेच.

(जेवणाच्या टेबलावर नऊ शर्टांचा ढीग. खुर्ची दिव्याखाली ओढलेली.)

आप्पा : हा लॉट कुठला?

धाकटा : आत्ताच आला, मशिनवरून.

आप्पा : उशीर केलात. ठेवा इथे. असा नाही, कॉलर माझ्याकडे करून. हं. कॉलर ठीक. खांदा ठीक. पास.

थोरली : हात बघ त्यांचे. ते चाचपणं कुठे गेलं?

आप्पा : बाई, गप्पा बाहेर. पास. हा... हा नाही. बगलेत दोन टाके सुटलेत. हा बाजूला.

थोरली : खरंच सुटलेत. महिनाभर धुतेय मी हा शर्ट, मला दिसले नाहीत.

आप्पा : दिसत नाहीत म्हणूनच मला पगार देतात. पास.

धाकटा : ताई, वीस मिनिटं झाली. एकदाही उठले नाहीत.

थोरली : वीस मिनिटं ठीक आहे. उद्या दोन तास काढायचेत, आणि शर्ट नऊ.

धाकटा : झालेले खालून काढायचे, वरून परत द्यायचे.

थोरली : ओळखतील.

आप्पा : हा पीस मघाशी बघितला मी.

थोरली : म्हटलं ना तुला.

धाकटा : वरून हुकूम आलाय. परदेशी जाणारा माल आहे, दोनदा बघायचाय.

आप्पा : मग आधी सांगायचं. परदेशी मालाला दोनदा बघावंच लागतं. द्या इकडे. कॉलर ठीक.

थोरली : मला रडू येतंय की हसू, काही कळेना.

धाकटा : दोन्ही येऊ दे. शेजाऱ्यांकडून मागू आणखी दहा-पंधरा शर्ट. मांडीवर खरं काम असलं, तर दुसऱ्याच्या शालीला कशाला हात लावतील?

थोरली : आणि हा लॉट खालीवर कोण करणार तिथे? सिस्टरना चाळीस माणसं बघायची असतात. मलाच बसावं लागणार. म्हणजे फिरून तिथेच आलो. ते शांत, आणि मी रजेवर.

धाकटा : उद्याच्या दिवस तरी...

थोरली : उद्याच्या दिवस, उद्याच्या दिवस करत दोन वर्षं झाली. काही सुचवू नकोस आता. सुचलेलं सगळं मलाच करायचं असतं.

आप्पा : बाई, थांबा जरा. बाही दाखवा.

थोरली : माझी?

आप्पा : तुमचीच. हे कुणी शिवलंय? एक टाका लांब, एक आखूड. इथे दोरा मधेच संपलाय, गाठसुद्धा मारलेली नाही.

थोरली : मीच घातलेत. घाईत होते.

आप्पा : घाईतला टाका असा पडत नाही. हा पेंगत घातलाय. टाका बघून हात कळतो मला. साहेब, या बाईंच्या सलग किती पाळ्या झाल्या?

धाकटा : बऱ्याच झाल्या, आप्पा.

आप्पा : आकडा विचारतोय.

धाकटा : दोन वर्षं. रोजच्या दोन्ही पाळ्या.

आप्पा : आणि बदलीला कोण येतं?

थोरली : सांगा ना, साहेब.

धाकटा : कुणी आलं नाही.

आप्पा : मग चूक यांची नाही. तुमची आहे. दमल्या हाताला काम द्यायचं आणि टाका वाकडा पडला की माणसाला बोलायचं, हे माझ्या टेबलावर चालत नाही.

धाकटा : हो. माझीच आहे चूक. ताई, मी आज जात नाहीये.

थोरली : त्यांच्यासमोर म्हणतोयस, की खरंच?

धाकटा : खरंच. उद्या मी नेतो त्यांना, मीच बसतो लॉट खालीवर करत. परवा तू लॅबमध्ये जा. माझं काम बसून करायचं, कुठेही बसून होतं, आणि हे मला दोन वर्षांपूर्वीही माहीत होतं. हा महिना मी आहे इथे. पुढचं पुढे बघू, पण आता बघू ते दोघं मिळून.

थोरली : चारला त्यांची गोळी असते. दुधाबरोबर नाही, पाण्याबरोबर. आणि बाथरूमचा दिवा चालूच...

धाकटा : लिहून ठेवलंयस तू फ्रिजवर. वाचता येतं मला.

आप्पा : या बाई अजून उभ्या का? घरी सोडा त्यांना.

थोरली : हेच घर आहे हो माझं, आप्पा.

आप्पा : असं? मग बरंच झालं. आत जाऊन आडव्या व्हा. लॉट मी बघतो.

थोरली : भोंगा वाजला की उठवाल मला?

आप्पा : कारखाना बंद आहे आज, बाई. झोपा.