कागदी पिशव्यांतले कपडे

आज सगळ्यांत आधी कोण आलं असेल? भटारखान्यातल्या वहिनी! पंख्याखालची खुर्ची धरायला. हसता काय, दुसरी मीच होते. असो, आधी मान द्यायला हवा. अध्यक्षस्थानी बसलेले मोठे डॉक्टर, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सिस्टर आणि समोरच्या लेकीसुनांनो, दवाखान्याच्या धोबीखान्यातल्या या म्हातारीचा नमस्कार. शाळा दुसरीपर्यंत, बोलताना अडखळले तर हसा, पण ऐका.

सिस्टरांची शिस्त काय सांगू? चादरीला एक सुरकुती दिसली की अख्खा गठ्ठा परत! मी म्हणायचे, "तुमच्यापेक्षा सासू बरी, ती दुपारी झोपते तरी."

मग लढाई आली. आपल्याच रक्षणाला आलेल्या शिपायांनी शाळेत तळ ठोकला. एका सकाळी तिथून तीन पोरी इथे आणल्या. त्यांच्यावर काय गुदरलं ते फोडून सांगायला हवं का? धाकटी तेरा वर्षांची होती. सिस्टरांनी एकेकीचे कपडे वेगळ्या कागदी पिशवीत घातले आणि मला बजावलं, "मावशी, हे धुवायचे नाहीत. चौकशीला लागतील."

दुपारी धाकटीची आई माझ्या पाया पडली. "तिच्या बापाच्या नजरेला पडायच्या आत धुऊन टाका हो. अब्रू जाईल." मी तिन्ही पिशव्या फोडल्या. कपडे उकळत्या पाण्यात घातले, इस्त्री करून घड्या केल्या. पुण्य केलं असं वाटलं मला!

चौकशीत साहेबांनी विचारलं, तर मी म्हणाले, "कसल्या पिशव्या? मी नाही बघितल्या." सिस्टरांनी तर पिशव्या भरल्याचं आधीच सांगितलं होतं. त्या खोट्या ठरल्या, पोरी खोट्या ठरल्या, शिपाई वाजतगाजत गेले. अकरा वर्षांत सिस्टरांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर सोसवलं असतं.

परवा सोमवारी नव्या चौकशीच्या दोघी जणी आल्या. "मावशी, पिशव्या होत्या का?" मी चहा पाजला, सुनेची बाळंतपणं सांगितली आणि वाटेला लावलं. अजूनही तेच!

होत्या. तीन होत्या. मीच धुतले. एवढ्या लोकांत बोलले, आता मागं फिरायला जागा नाही.

बोलू दिलंत, उपकार झाले. बोलण्यात चुकलं ते पोटात घाला. केलं ते घालू नका. त्या दोघी गुरुवारी सकाळी परत येतो म्हणाल्यात.