रांगेतली प्राध्यापक

माझ्या थोरल्या नातवाचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षीची गोष्ट. मेक्सिकोतल्या हुआरेझच्या पुलावर, सीमा ओलांडून अमेरिकेत जायच्या रांगेत, माझ्यापुढे दोघी मायलेकी उभ्या होत्या. लेक पलीकडच्या विद्यापीठात शिकवायची.

“सहा वर्षं झाली, मारिसेला, आणि अजून कायम नाहीस?”

“मे महिन्यात ठरेल, आई. बाहेरचे प्राध्यापक माझं काम वाचून मत देतात.”

“तुला ओळखतात?”

“ओळखणारे चालत नाहीत.”

“अगं बाई! लग्नंही अशीच जमवतात का तिकडे? आणि काम तरी कसलं?”

“या रांगेवर संशोधन.”

“मी जन्मभर या रांगेत उभी आहे. मलाच कायम करा म्हणावं!”

“हळू बोल गं.”

“लवकर वाचा म्हणावं त्यांना. माझ्याच्यानं आता फार थांबवत नाही.”

“तुला काही धाड भरलेली नाही.”

पुढे कळलं, मारिसेला मे महिन्यात कायम झाली. तिची आई एर्लिंडा त्याच वर्षी मार्चमध्ये वारली.