बरगडीवरचा हात

मी सौ. सुलक्षणा हैबती रेणुसे, वय ४६ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. मार्गासनी, ता. राजगड (वेल्हे), जि. पुणे. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती हैबती व सासू बाळाबाई यांच्यासह राहते. दीर पप्पू शेजारीच वेगळे राहतात. माझ्या पतींनी आज दुपारी नसरापूर येथे ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाताने दाबून सांधे-स्नायू मोकळे करण्याचे, उपचार करणारे कुमार शेंडकर यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, त्यांनी उपचाराच्या नावाखाली माझ्या अंगाला वाईट हेतूने हात लावला. तक्रार पतींची असली तरी अंग माझे आहे, म्हणून माझे ऐकून घ्यावे.

गेल्या भातलावणीपासून माझा उजवा खांदा दुखत होता. हात वर जात नव्हता व त्या कुशीवर झोप लागत नव्हती. वेणी घालता येईना म्हणून मी केस कापून घेतले. सासूबाईंना कापलेले केस तेवढे दिसले व "या वयात फॅशन सुचली," असे त्या म्हणाल्या. पुढे दवाखान्यात एक्स-रे काढला. स्नायू ज्या दोरीने हाडाला जोडलेला असतो त्या दोरीत कॅल्शियमचा खडा साठला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले व गोळ्या दिल्या. मी घरी येऊन पतींना तसे सांगितले. ते म्हणाले, "कॅल्शियम तर चांगलं असतंय. लोक इकत घिऊन खात्यात." ते थट्टेने म्हणाले नव्हते.

फेब्रुवारीत दिरांची मुलगी आरती हिचे लग्न झाले. हळदीला उजवा हात नवरीच्या कपाळापर्यंत जाईना, म्हणून मी डाव्या हाताने हळद लावली. सासूबाईंनी सगळ्या बायकांसमोर माझे मनगट धरले व "डाव्या हातानं लावतीस व्हय गं पोरीला?" असे म्हणून मला पाटासमोरून उठवले. त्यानंतर गावात कोणी मला सवाष्ण म्हणून बोलावलेले नाही. पुढे आरतीचे सासरी पटेना, तेव्हा दीर पप्पू यांनी त्याचे खापर माझ्या डाव्या हातावर फोडले. माझा उजवा हात का उठला नाही, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही.

गोळ्यांनी ठणका कमी झाला, पण हात उठेना. तेव्हा डॉक्टरांनीच मला कुमार यांच्याकडे पाठवले. पहिल्याच दिवशी कुमार म्हणाले, "ताई, खडा माझ्या हातानं विरघळणार नाही. तो आपला आपण जिरतो, वेळ लागतो. पण दुखतंय म्हणून तुम्ही मान, पाठ, बरगड्या सगळं आखडून धरलंय. ते सैल झालं की खांद्याला हलायला जागा मिळेल." त्याकरिता ते मानेला, पाठीला व काखेखालच्या बरगड्यांना हात लावत. प्रत्येक वेळी आधी "इथं हात ठेवू का?" असे विचारत. लग्न झाल्यापासून मला असे कोणी विचारलेले नाही. सासूबाई दर खेपेला त्याच खोलीत बाकावर बसत व दार उघडे असे. मागच्या खेपेस माझा हात कानाच्या वर गेला. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले व तो पुन्हा वर करून पाहिला. मला फार आनंद झाला होता.

आज दीर पप्पू यांनी मला व सासूबाईंना टेम्पोने नसरापूरला सोडले. उपचार चालू असताना ते दारात आले. कुमार यांचा एक हात माझ्या खांद्यावर व एक बरगडीवर होता. "दुखतंय खांद्यात आन हात बरगडीवर कशापायी?" असे म्हणून त्यांनी बाहेर जाऊन पतींना फोन केला. पती तेव्हा नसरापुरातच खत घ्यायला आले होते. ते आले व काही न विचारता त्यांनी कुमार यांच्या तोंडात मारली. मी खाटेच्या कडेला बसले होते. पती माझ्या डाव्या बाजूला उभे होते. ते खाटेला वळसा घालून पलीकडे गेले, माझा उजवा हात धरला व मला ओढत रस्त्यापर्यंत नेले. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखे झाले. आता हात छातीपर्यंतही येत नाही.

सासूबाई तेव्हाही बाकावरच होत्या. त्यांना विचारले असता, नजर कमी झाल्याने काही दिसले नाही, असे त्या सांगत आहेत. त्यांना एरवी दुसऱ्याच्या बांधावरची शेळी घरातून दिसते.

पोलीस ठाण्याच्या बाहेर पती मला म्हणाले, "त्यानं वंगाळ हात लावला असं सांग. न्हाईतर गावात तोंड दावायला जागा न्हाई." दीर म्हणाले, "वैनी, घराण्याचा प्रश्न हाय." माझ्या हाताचा प्रश्न कोणाचा आहे, असे मी विचारले. मला दोघांचा संताप आला आहे व तोही लिहून घ्यावा असे मी जबाब घेणाऱ्या प्रेरणा मॅडमना सांगितले. जबाबात घडलेले लिहितात, असे त्या म्हणाल्या.

तरी घडलेले असे की, कुमार शेंडकर यांनी माझ्याशी कोणतेही गैरवर्तन केलेले नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मघाशी व्हरांड्यात त्यांनी मला नमस्कार केला व यापुढे बायकांवर उपचार करणार नाही, असे खाली बघून सांगितले. त्यांचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. माझा हात पुन्हा कोण वर आणील हे मला माहीत नाही. माझी तक्रार पती हैबती रेणुसे यांच्याविरुद्ध आहे. मला तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'पती यांनी गैरसमजातून हात ओढला' असे लिहिलेले होते. ते मी खोडायला लावले व 'दुखरा हात कोणता हे माहीत असताना ओढला' असे लिहून घेतले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सौ. सुलक्षणा हैबती रेणुसे