वाकडं त्ये सारवलं

...नाही, पण मला एक सांगा, चुका मागितल्या म्हणजे मी काय गुन्हा केला? कुणाचं घर मागितलं? शेत मागितलं? अहो चुका मागितल्या, चुका! लहान मुलांच्या! घरोघर ढिगानं पडलेल्या असतात, कुणी उचलून नेल्या तर आईबाप दुवा देतील अशी वस्तू... आणि ती मला नऊ वर्षांत मिळाली नाही! एकसष्ट साली सुरुवात केली, आता सत्तर साल चालू आहे, डोक्यावरचे केस गेले, सायकलची तीन सीटं गेली, पण चूक म्हणून मिळाली नाही!

तुम्हाला सांगतो, मी निवृत्ती. लोणावळ्यात मास्तरांना मास्तरकी शिकवायचं कॉलेज आहे ना, तिथं शिकवतो. आता शिकवतो तर गप शिकवावं की नाही? तर नाही! पीएच.डी. करायची हुक्की आली. विषय काय, तर 'लहान मूल लिहायला कसं शिकतं'. घरी सांगितलं, तर आमच्या सरुबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "ह्यात शोधायचं काय? पाटी द्यायची, पेन्सिल द्यायची, दोन चापट्या द्यायच्या, शिकतं." झालं! प्रबंध संपला! पुढं पोळ्या!

पण मला ते नको होतं. मूल आधी नुसतं रेघाटतं, मग गोल काढतं, मग अक्षरासारखं दिसणारं पण अक्षर नसलेलं काहीतरी काढतं, आणि मग एक दिवस... एक दिवस अक्षर येतं! ते कसं येतं? कुठनं येतं? ती घडी मला बघायची होती. आणि ती कळायची कशावरनं? चुकांवरनं! म्हणून मला चुका हव्या होत्या हो!

पुण्याच्या आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, सांगितलं, "शहरातली मुलं नकोत, त्यांना घरी शिकवून ठेवलेलं असतं. खेड्यात जा." गेलो. कुठं? बेडशाला. दर गुरुवारी मला कॉलेजला सुट्टी, तर लोणावळ्याहून गाडीनं कामशेत, कामशेतला भाड्याची सायकल, आणि हाणा पायडल बेडशापर्यंत. आणि गावात शिरलो की पहिला जो माणूस भेटेल तो हात वर करून सांगणार, "लेणी वर हायती, सायेब!" अहो, लेणी नाही बघायची मला! "मग कशापाय आलाय?" मुलांच्या चुका बघायला. की तो माणूस दोन पावलं मागं सरकलाच म्हणून समजा. पुढच्या गुरुवारी परत, "लेणी वर हायती!" नऊ वर्षं! लेणी काय पळून जाणारेत?

शाळेत रखमाजी गुरुजी. देवमाणूस! ह्या देवमाणसानं माझी सहा वर्षं खाल्ली. मी म्हणालो, गुरुजी, पहिलीच्या मुलांना हे कागद द्या, पेन्सिली द्या, आणि काही सांगू नका. त्यांना वाटेल तसं लिहू दे. "हा, हा, साहेब, अजिबात काळजी करू नका!" आणि दर गुरुवारी चाळीस कागद माझ्या हातात. कसे? मोत्यासारखे! एक चूक नाही! मी म्हटलं, मावळात काय पाणी आहे! पोरं आईच्या पोटातनं बाराखडी घेऊन येतात की काय! मी नोंदी करतोय, तक्ते काढतोय, सहा वर्षं! आणि मग ते सगळं बाड पुण्याला सरांपुढं ठेवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "निवृत्ती, चाळीस मुलांचं वळण एकच कसं?"

बाड उचललं. तसाच बेडशाला. गुरुजी, खरं सांगा. तर गुरुजी मान खाली घालून, "साहेब, पोरांचं हात धरून म्या गिरवून घेतलं. लय वाकडं काडत व्हती. तुमी तपासणीचं साहेब. तुमच्यापुढं पोरांच्या चुका ठिवायच्या? गावाची अब्रू न्हाई का जायाची?" अहो, मी तपासणीचा साहेब नाही! मला चुका हव्या होत्या हो! "असं कसं म्हणता साहेब," गुरुजी म्हणाले, "कुणी इतक्या लांब सायकल मारून चुका न्यायाला येतंय व्हय?" ह्याला काय उत्तर आहे? तुमच्याकडे असेल तर द्या मला, मी सुधारून घेतो...

संपलं होतं सगळं. सायकल घेऊन परत निघालो, तर उतारावर चेन पडली. चेन बसवता येईना, हात काळे, डोळ्यांत पाणी, खोटं कशाला सांगू, रडत होतो. तर टेकाडावरच्या ठाकरवाडीतनं एक बाई खाली आली, भागूबाई. "सायेब, लेणी वर हायती..." म्हटलं, बाई, पाणी द्या. तिच्या झोपडीपाशी गेलो, तांब्या तोंडाला लावला, आणि समोर भिंत! कुडाची, शेणानं सारवलेली, आणि तिच्यावर कोळशानं... रेघा! गोल! वाकडं, तिकडं, तुटकं, फुटकं! चुका! भिंतभर चुका!

तांब्या हातातनं पडला माझ्या. भागूबाईला वाटलं ऊन लागलं. "ही आमची चिंगी काडती. किती मारली तरी ऐकंना." चिंगी! पाच वर्षांची, शाळेत नाव नाही, शेळ्यांमागं हिंडणारी. आणि गंमत बघा, पोरीचा हात पोचेल तिथं ती काढणार, म्हणजे सगळ्यात जुनं सगळ्यात खाली, आणि पोर उंच होईल तसतसं नवं नवं वर! अहो, विद्यापीठाला जे तक्त्यात मांडता येणार नाही ते त्या पोरीनं भिंतीवर मांडून ठेवलं होतं! मी भागूबाईचे पाय धरायचे बाकी ठेवले. बाई, मारू नका, पुसू नका, सांगू नका, शिकवू नका! ती म्हणाली, "शिकवायला कुणाला येतंय हितं?" मी म्हटलं, देव पावला!

पुढची अडीच वर्षं, तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यातली सोन्याची. एक गुरुवार चुकवला नाही. पाऊस, चिखल, ताप, सासऱ्यांचं बारावं... सरुबाई अजून बोलतात त्यावरनं. मी भिंतीपुढं बसायचो, मांडीवर वही. वहीच्या पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत 'चिंगी' लिहिलं होतं. पोर माझ्या समोर बसायची, बघायची, आणि काही महिन्यांनी भिंतीवर एक विचित्र चित्र उमटायला लागलं. डोकं खाजवून खाजवून एक दिवस मी मान वाकडी करून बघितलं... अहो, ते माझ्या पुठ्ठ्यावरचं तिचं नाव होतं! उलटं! खालचं वर! कारण ती माझ्या समोर बसते, तिला वही उलटीच दिसते! पोर चुकतच नव्हती हो, जे दिसतं ते जसंच्या तसं काढत होती! काय शोध होता! मी वाडीत नाचलो. शेळ्या पळाल्या.

आता हे उलटं ती सुलटं कधी करणार? कसं करणार? तीच माझी घडी! तीच! ती एकदा डोळ्यांनी बघितली की प्रबंध पुरा.

पण सरांचा माझ्यावर विश्वास कुठं राहिला होता? मी वहीतल्या नकला दाखवल्या. "ह्या तूच काढल्यास." बरं, म्हणून लोणावळ्याच्या फोटोवाल्याला वाडीत नेलं. फोटो निघतोय म्हटल्यावर अख्खी वाडी आली, नवी लुगडी, धुतलेली धोतरं, तेल लावलेली डोकी, आणि सगळे उभे कुठं? भिंतीपुढं! मी ओरडतोय, बाजूला व्हा, मला भिंतीचा फोटो हवाय! तर चिंगीचा बाप बारकू म्हणतो, "भिंतीचा फोटू? आमी मेलो व्हय?" फोटोत तीस माणसं, दोन कोंबड्या, भिंत नाही. सर म्हणाले, "छान कुटुंब आहे." आणि पुढं म्हणाले, "नोंदणीची मुदत ह्या वर्षाअखेर संपते. पुढच्या शुक्रवारी मी स्वतः येतो. भिंत बघतो. भिंत खरी असेल तर पदवी, नाहीतर हा विषय बंद. आणि येताना लोणावळ्याची चिक्की आण. शेंगदाण्याची."

आता माझी चूक कुठं झाली ते सांगतो. वाडीवर जाऊन, आनंदानं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पुढच्या शुक्रवारी पुण्याचे मोठे साहेब खास तुमची भिंत बघायला येणार!"

भागूबाईचा चेहरा असा उजळला... तेव्हाच मला कळायला हवं होतं! मावळात जन्म गेला माझा! घरी पाहुणा येणार म्हटल्यावर बाई पहिलं काय करते? मला नाही सुचलं!

आणि त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, अडीच वर्षांत पहिल्यांदा, मी वाडीवर गेलो नाही. का? चिक्की! सुट्ट्यांचे दिवस, लोणावळ्यात मुंबईची गर्दी, दुकानापुढं ही रांग! सरांना ताजी लागते. उभा राहिलो. सकाळपासून उभा. पुढचा एकेक माणूस पाच पाच किलो घेतोय, लग्न काढलंय की काय ह्यांनी? आणि माझा नंबर आला तेव्हा दुकानदार म्हणाला, "शेंगदाणा खलास. राजगिरा देऊ?"

शुक्रवारी सरांना कामशेतहून बैलगाडीनं आणलं. वाटेत तीन माणसांनी सांगितलं, "लेणी वर हायती." वाडीत आलो. अंगणात सडा, दारात रांगोळी, रखमाजी गुरुजी टोपी घालून हजर, बारकू हात जोडून उभा. आणि भिंत... भिंत अशी गुळगुळीत! ताजी सारवलेली! हिरवट, अजून ओलसर, वास येतोय शेणाचा! अडीच वर्षं! खालपासून वरपर्यंत! भागूबाई मात्र फुलून आलेली. "बगा सायेब, कशी लख्ख केली! येवडे मोठे सायेब येणार, आन् आमच्या भिंतीवर ती घाण?"

आणि मधोमध, त्या ओल्या सारवणात, बोटानं काढलेलं एकच नाव. चिंगी. सरळ. सुलटं. गोल गरगरीत. एक चूक नाही!

मी गुरुजींकडे वळलो. गुरुजी, हात धरलात? पुन्हा हात धरलात? त्यांनी गळ्याची कातडी चिमटीत धरली. "आईच्यान, साहेब! म्या निस्ता बगत व्हतो. पोरीनं आपल्या मनानं काडलं!" मग कसं आलं? काय झालं? सांगा! आणि भागूबाई सांगायला लागली, सहज, भाकरीचं सांगावं तसं. "काल सारवली. वाळायच्या आत हिनं बोट घातलं. काडलं उलटं. म्या सारवलं. हिनं परत काडलं, आडवं. म्या परत सारवलं. मंग ही लांब जाऊन हुबी ऱ्हायली, खाली डोकं वर पाय करून बगितलं, हासली, परत काडलं, थोडं वाकडं. त्ये बी सारवलं. चवथ्या येळंला ह्ये आलं. वाकडं व्हतं त्ये सारवलं, सरळ आलं त्ये ठिवलं. तुमच्यासाठी!"

तुमच्यासाठी! अहो, बाईच्या डोळ्यांत एवढी माया होती की मला ओरडतासुद्धा येईना. खाली डोकं वर पाय! हासली! ती घडी! नऊ वर्षं मी जिच्यासाठी सायकल मारली ती घडी त्या अंगणात गुरुवारी झाली, गुरुजींनी बघितली, बारकूनं बघितली, शेळ्यांनी बघितली... म्हटलं, चिंगे, बाळा, पुन्हा एकदा काढ, ते आधीचं, उलटं. पोरीनं माझ्याकडं बघितलं, जशी वेड्याकडं बघतात तशी. "चुकीचं कशाला काडू, सायेब? आता येतंय की मला."

बसलो मी खाली. मला चुका हव्या होत्या हो... सर भिंतीजवळ गेले, नाव वाचलं. मग म्हणाले, "मूल शिकलं ना, निवृत्ती? मग झालं तर." माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आलोच आहे तर लेणी बघून येतो." आणि खरंच गेले! वाडीतली पोरं पुढं, गुरुजी वाट दाखवायला, आणि सगळ्यांत पुढं चिंगी, दिसेल त्या दगडावर कोळशानं आपलं नाव काढत. सरळ!

तासाभरानं सर परत आले, घामाघूम, खूश. चिक्कीचा पुडा सोडला, एक तुकडा तोंडात टाकला, थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "शेंगदाण्याची सांगितली होती." मग खिशातनं माझ्या प्रबंधाची, त्यांच्याकडं असायची ती छोटी नोंदवही काढली, पेन उघडलं, आणि पहिल्या पानावर, त्यांनी एकही नोंद मान्य न केल्यानं नऊ वर्षं कोऱ्या राहिलेल्या 'आढळलेल्या चुका' ह्या रकान्यात लिहिलं, एक. आणि पुढं कंसात माझं नाव.