मशीनवरचा दिवा
नातेवाइकांना व्हेंटिलेटर समजावून सांगत जा म्हणता ना, मग हे ऐका. मी उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात फिजिओ होते. सोयगावच्या एक मावशी बेशुद्ध नवऱ्याची हलणारी छाती बघून रोज म्हणायच्या, "ताई, श्वास घेतायत की हे!"

शेवटी मी त्यांना मशीनवरचा बारका दिवा दाखवला. "हा लागला, की श्वास काकांनी स्वतः घेतला. नाही लागला, तर मशीननं दिला."

तेव्हापासून मावशी छातीकडं बघेनातच. दिवा लागला की म्हणायच्या, "ह्यो त्यांचा!"

एके दिवशी डॉक्टर त्यांच्याशी शब्द जुळवत बोलायला लागले. मावशींनीच त्यांना थांबवलं.

"काई सांगू नका, सायेब. छाती हलतीय, पण कवापासून दिवा लागंना. ताईनं शिकवलंय मला."