डाक्टरीणबाईनं बदललेली ओळ

आशा : नाही आजी. बाकीचे पाळणे म्हण, पाच म्हण, दहा म्हण. ते चिनी गाणं आज माझ्या लेकीच्या पाळण्याशी म्हणायचं नाही.

द्वारकाबाई : अगं, तुझा बाप त्याच गाण्यावर झोपला. तू झोपलीस. अन् आज बारशाला तुझ्या लेकीला नको? बारा दिवसांची आई झालीस, अन् आजीला शिकवती व्हय?

कारभारी : बोलू द्या तिला, वहिनी. घरात चिनी समजणारं माणूस एकच. तुम्ही न समजता म्हणत आलात, मी न समजता मान हलवत आलो. दिराचं कामच ते.

आशा : आबा, थट्टा नको. आमच्या चिकलठाण्याच्या कंपनीत मशीन बसवायला एक म्हातारे चिनी इंजिनियर आलेत, मी त्यांची दुभाषी. मला पुस्तकातली चिनी येते, आजीचं गाणं तिकडच्या खेड्यातल्या बोलीतलं. म्हणून मोबाइलवर भरून त्यांना पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. आज सकाळी फोन आला. पहिला प्रश्न काय, तर हे तुम्ही कोणत्या दारात उभं राहून म्हणता?

कारभारी : ह्याच. दुसरं दार न्हाणीचं हाय.

द्वारकाबाई : दाराचं त्याला कसं कळलं गं? मी तर सांगितलं नव्हतं.

आशा : त्यांच्या मुलखातलंच आहे ते. लेकरू दचकलं, आजारी पडलं, की त्याचा जीव बाहेर भटकतो असं तिकडं मानतात. मग एक बाई उंबऱ्यात उभी राहून हाक मारते. बदकं घरी आली, भात शिजला, नदीकाठी खेळू नको, तूही ये. अन् आतून आई उत्तर देते : आली, माझ्या मांडीवर आली. संपलं गाणं.

द्वारकाबाई : मग चांगलंच हाय की!

आशा : तुझ्या गाण्यात शेवटची ओळ ती नाही.

द्वारकाबाई : माझं चुकायचं नाय. छावणीतल्या चिनी डाक्टरीणबाईनं चार दिवस घोकून घेतलंय. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

आशा : चुकलेलं नाहीच. चाल बसवून, यमक जुळवून, कुणीतरी मुद्दाम बदललंय. आजी, आधी एक सांग. त्यांचं लेकरू गेलं होतं का?

द्वारकाबाई : ...गेलं. साळू. मी आपली साळू म्हणायची. छावणीच्या बाजारात त्यांचा दातांचा दवाखाना, मी तिथं धुण्याभांड्याला, अन् पोरीला सांभाळायला. तीन वर्षांची. गोवर निघाला अन् पोटात गेला. परक्या मुलखात लेकरू पुरायचं कुठं? मामंजी म्हणले, आमच्या पडेगावच्या वावरात, बांधाला. ह्या दारातून दिसतो तो बांध.

कारभारी : मी चौथीत होतो. पुढं महिनाभरात चीनशी लढाई लागली. छावणीतले चिनी किती, तर हे दोघं. तरी त्यांना धरून न्यायला ट्रक आला. हुकूम वाचणाऱ्या जमादाराची कवळी डाक्टरनंच बसवलेली. हुकूम असा खणखणीत वाचला की काय सांगू! कामात खोट नव्हती गड्याच्या.

द्वारकाबाई : जायच्या आधी चार दिवस बाई माझ्यापुढं बसली. म्हणली, रोज दिवा लागला की दारात उभं राहून म्हण. मी तिच्या गळ्याची आण घेतली. मला वाटलं, लेकीचं आवडीचं गाणं असंल. पुढं माझीच लेकरं झाली, ती त्यावर झोपाय लागली.

आशा : त्या परत आल्या नाहीत?

कारभारी : राजस्थानात चिन्यांना कोंडलं होतं, त्या छावणीतून एक कार्ड आलं. मग कुणी म्हणलं, बोटीत घालून चीनला धाडलं. मी कचेरीत नोकरीला लागल्यावर लई कागद चाळले. चिनी डाक्टरचं नाव एकाच ठिकाणी सापडलं, नळाची थकबाकी.

द्वारकाबाई : सांग आता. काय हाय ती ओळ?

आशा : 'दारातच थांब, बाळ. आत येऊ नको. आई घरात नाही. आई आली की तीच हाक मारील.'

कारभारी : अरे देवा.

द्वारकाबाई : पुन्हा सांग.

आशा : आजी...

द्वारकाबाई : म्हणजे रोज तिन्हीसांजेला मी लेकराला सांगती, दारात उभं ऱ्हा?

आशा : तुला काय माहीत होतं?

द्वारकाबाई : साळूला तर माहीत व्हतं ना, मी काय म्हणती ते! तिची भाषा ती. पावसात. थंडीच्या दिवसांत. मी म्हणायची, अन् आत येऊन कढी प्यायची.

कारभारी : वहिनी, एक सांगू? त्या उंबऱ्यावरून मी कायम तिरपा जातो. वाटायचं, गुडघा. गेल्या साली गुडघा बदलून आणला. तरी तिरपाच जातो.

आशा : मी लहानपणी अर्धं बिस्कीट उंबऱ्यावर ठेवायचे. मुंग्या होतील म्हणून आई मारायची. मुंग्या कधी झाल्याच नाहीत.

द्वारकाबाई : तुझा बाप गुळाचा खडा ठेवायचा.

आशा : म्हणूनच म्हणते, नको. हिला अजून धड नजर नाही, अन् सकाळपासून दाराकडं तोंड फिरवतेय. मी कूस बदलली, तरी पुन्हा तिकडंच. मला भीती वाटते आजी.

द्वारकाबाई : बरं. नाय म्हणत. आजपासून बंद. ...मग ती काय करील गं?

आशा : मी विचारलं त्यांना.

द्वारकाबाई : काय म्हणला?

आशा : बंद केलंत तर बंद. मग तिला कुणीच काही सांगणार नाही. थांबायला सांगितलंय, ती थांबून राहील. नाहीतर जुनी ओळ म्हणायची. पण ती आतून यायला पाहिजे, मांडीवर लेकरू असलेल्या बाईकडून. अन् जी 'आली' म्हणते, ती तिची आई होते. नंतर नाही म्हणता येत नाही.

कारभारी : ह्या घरात मांडीवर लेकरू असलेली बाई म्हणजे...

द्वारकाबाई : भाऊजी, गप बसा! तिच्यावर घालू नका. बाई, तुझंच बरोबर. लेकरू तुझं, आण माझी. माझं मी बघीन.

आशा : कसं बघशील?

द्वारकाबाई : दारात जाऊन बसंन. सोबतीला.

आशा : ...एक विचारायचं राहिलंच त्यांना. उत्तर मराठीत चालतं का?

कारभारी : इतकी वर्षं पडेगावात काढून मराठी येत नसंल, तर ते लेकरू नाय बाई, कलेक्टर हाय.

द्वारकाबाई : आशे, भ्यालीस तर म्हणू नको.

आशा : भ्यालेच आहे. जा तू, उंबऱ्यात उभी राहा.

कारभारी : आत्ता? दिवेलागण तरी होऊ द्या.

द्वारकाबाई : लई थांबली ती.

आशा : आबा, जरा सरका. वाटेत बसलाय.

(द्वारकाबाई उंबऱ्यात उभी राहून बांधाकडं तोंड करून गाणं म्हणते. शेवटच्या ओळीपाशी थांबते.)

आशा : आली. माझ्या मांडीवर आली.

कारभारी : ...वहिनी?

द्वारकाबाई : आशे? काय झालं गं?

आशा : काही नाही. पाय हलवू नये असं वाटतंय. मांडी जड झालीय.

कारभारी : बाहेर रिक्षा वाजली. तुझी नणंद आली वाटतं, नाव ठेवायला. आत्याबाईला सांगू का, जरा दम धरा म्हणून?

आशा : नको आबा, दारात उभं करू नका कुणाला. या म्हणा आत. फक्त बाळाच्या कानात नाव हळू सांगा म्हणावं. थोरलीचा आत्ता कुठं डोळा लागलाय.